शिकण्याची साक्ष : विद्यार्थ्यांच्या अनुचिंतनपर लेखनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्यार्थ्याने स्वतःच्या शिकण्याकडे मागे वळून पाहावे, ही अपेक्षा आता अभ्यासक्रमांच्या कागदावर स्थिर झाली आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. तेव्हा पाठ्यांचे वाचन व त्यांवरील चिंतन, तसेच ‘स्व’चे आकलन असे स्वतंत्र घटक त्यात आले, आणि आंतरवासितेच्या काळात छात्राध्यापकाने चिंतनशील रोजनिशी लिहिण्याची प्रथा रूढ झाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवी वर्गांतही फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांचे अहवाल सुरू झाले. अशा अहवालाच्या अखेरीस ‘या अनुभवातून आपण काय शिकलात?’ या अर्थाचा एक रकाना बहुधा असतोच.

रकाना भरला जातो. ‘खूप काही शिकायला मिळाले’, ‘आत्मविश्वास वाढला’, ‘यापुढे वेळेचे नियोजन करीन’ ही वाक्ये वही बदलली, विषय बदलला, महाविद्यालय बदलले तरी बदलत नाहीत. मागील वर्षीच्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवून ती उतरवून काढणेही सोपे असते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर तेवढेही श्रम उरलेले नाहीत. या स्थितीचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडण्याची सवय शिक्षकवर्गाला आहे. प्रस्तुत लेखाची भूमिका वेगळी आहे. दोष उत्तरात नसून प्रश्नात आहे. विद्यार्थ्याला त्याच्या शिकण्याविषयी काय वाटते हे विचारले जाते, आणि ‘वाटणे’ हीच शिकण्याची साक्ष मानली जाते. ही साक्ष कितपत ग्राह्य आहे, आणि तिच्या जागी दुसरी कोणती साक्ष घेता येईल, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

संज्ञेची अडचण

या प्रक्रियेसाठी मराठीत सर्वांत सहज सुचणारा शब्द ‘आत्मपरीक्षण’ हा आहे, आणि गैरसमजाला तेथूनच प्रारंभ होतो. मराठी व्यवहारात आत्मपरीक्षण करावयाचे असते ते चुकलेल्या माणसाने. निवडणुकीत पराभूत झालेला पक्ष आत्मपरीक्षण करतो. विजयी पक्षाने ते केल्याचे ऐकिवात नाही. संतसाहित्यातील स्वतःच्या दोषांची कठोर उलटतपासणी, प्रार्थनासमाजी वळणाचा नैतिक आत्मशोध, यांची छाया या शब्दावर आहे. त्यामुळे ‘आपल्या शिकण्याचे आत्मपरीक्षण करा’ असे म्हटले की विद्यार्थी कबुलीजबाब लिहू लागतो. मी वाचन कमी केले, मी मोबाइलवर वेळ घालवला, मी सुधारेन. यात शिकण्याविषयी एकही वाक्य नसते.

‘मनन’ हा शब्द अर्थाने अधिक जवळचा आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन या उपनिषदांतील क्रमात ऐकलेल्या गोष्टीचा तर्काने केलेला पाठपुरावा म्हणजे मनन. पण मनन होते ते विषयाचे. विषय आपल्याला कसा कळला, या प्रश्नाचे नव्हे. विषयापाठोपाठ आपल्या आकलनाच्या वाटेचाही मागोवा घेणे या अर्थाने येथे ‘अनुचिंतन’ ही संज्ञा योजली आहे. ‘अनु’ म्हणजे मागून. मागून जायचे तर आधी पाऊलखुणा हव्यात, ही गोष्ट या शब्दात गृहीत आहे आणि ती पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

ड्यूईपासून गिब्जपर्यंत

जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाउ वी थिंक’ या पुस्तकात चिंतनशील विचाराची जी मांडणी केली, तिचा प्रारंभबिंदू अडचण हा आहे. माणूस चालता चालता अडतो, संभ्रमात पडतो, तेथे विचार सुरू होतो. आणि एखादी समजूत कोणत्या आधारांवर उभी आहे हे तपासून पाहणे म्हणजे चिंतन. भावनेला तेथे मज्जाव नाही, पण भर आधारावर आहे. (डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ड्यूईंचे विद्यार्थी होते, हे सर्वश्रुत आहे. आधार मागण्याची ही सवय त्यांच्या लेखनात किती खोलवर गेली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.)

डॉनल्ड शॉन यांच्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (१९८३) या ग्रंथात वास्तुशास्त्राच्या वर्गातील एक प्रसंग विस्ताराने येतो. पेट्रा नावाची विद्यार्थिनी शाळेच्या इमारतीचा आराखडा करीत आहे आणि उताराच्या जमिनीवर इमारतीचा आकार बसत नाही म्हणून अडली आहे. तिचा शिक्षक क्विस्ट तिच्या रेखाटनावर दुसरा कागद ठेवतो आणि रेघ मारता मारता बोलू लागतो. या प्रसंगात बोलतो तो मुख्यतः क्विस्टच, आणि शॉन यांचे सारे कौतुक त्याच्या वाट्याला जाते, हा आक्षेप घेण्याजोगा आहे. तरीही एक गोष्ट दुर्लक्षिता येत नाही. दोघांच्या मध्ये एक कागद आहे. पेट्राला काय वाटते याची चर्चा होत नाही; तिने काय काढले आहे याची होते.

पुढे हा कागदच हरवला. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये ‘लर्निंग बाय डुइंग’ या शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेत वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना असे सहा टप्प्यांचे चक्र मांडले. परिचर्या शिक्षणात आणि अध्यापक शिक्षणात ते जगभर पसरले, कारण ते फळ्यावर एका मिनिटात काढता येते. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. आपल्या वर्तनाने रुग्णाला काय झाले, हे परिचारिकेने आठवून लिहावे यासाठी ते उपयोगी पडते. पण शिकण्याच्या बाबतीत या चक्राचे दोन टप्पे अडचणीचे आहेत. दुसऱ्याच पायरीवर ते विद्यार्थ्याला त्याच्या भावना विचारते, आणि पाचव्या पायरीवर ‘तुला आणखी काय करता आले असते?’ असे विचारते. पहिल्या प्रश्नात साक्षीदार चुकीचा निवडला जातो, आणि दुसऱ्यात आरोपी आधीच ठरलेला असतो.

‘वाटणे’ ही साक्ष

साक्षीदार चुकीचा का, याचे उत्तर प्रयोगांनी दिले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या संदर्भात मुळातून समजून घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा अभ्यासण्यासाठी चार सत्रे देण्यात आली. एका गटाने चारही सत्रांत तो उतारा पुन्हा पुन्हा वाचला. या गटाचे वाचन सरासरी चौदा वेळा झाले. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात उतारा तीन-चार वेळा वाचला आणि उरलेल्या तिन्ही सत्रांत तो न पाहता आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : त्याला ८३ टक्के भाग आठवला, लिहिणाऱ्या गटाला ७१ टक्के. एका आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्या गटाला ४० टक्के आठवले आणि लिहिणाऱ्या गटाला ६१ टक्के. शिक्षकाने थांबावे अशी जागा याच्या पुढे आहे. अभ्यास संपताच ‘आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल?’ असे विचारले असता अधिक खात्री दिली ती केवळ वाचणाऱ्यांनी. ज्यांचे विस्मरण सर्वाधिक होणार होते त्यांचा आत्मविश्वास सर्वाधिक होता.

याचे कारण गूढ नाही. चौदाव्यांदा वाचताना मजकूर डोळ्यांखालून सुरळीत सरकतो, आणि हा सुरळीतपणा मनाला आकलनासारखा भासतो. कोऱ्या कागदासमोर बसल्यावर अडखळणे होते, आणि अडखळणे अज्ञानासारखे भासते. दोन्ही भास खोटे आहेत. हार्वर्ड विद्यापीठात लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची दिशा हीच आहे. पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक वर्गातील ज्या विद्यार्थ्यांनी गटात बसून स्वतः उदाहरणे सोडवली ते चाचणीत सरस ठरले. पण आपण अधिक शिकलो असे वाटले ते उत्तम, ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. प्राध्यापकांनी हा निष्कर्ष विशेष गंभीरपणे घ्यावा, कारण नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला २०१७ पासून स्थान मिळाले आणि ‘सरांचे लेक्चर छान होते’ हा अभिप्राय गुणवत्तेचा पुरावा म्हणून वापरण्याचा मोह संस्थांना होऊ लागला.

महाराष्ट्रातील पदवीच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासपद्धतीवर ही निरीक्षणे नेमकी बसतात. गाईड, प्रश्नसंच, हायलायटरने पिवळ्या झालेल्या ओळी आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे तिसरे वाचन ही सारी सुरळीतपणाची साधने आहेत. अशा विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिलेले अनुचिंतनही ‘माझा अभ्यास चांगला झाला होता, पण पेपर अवघड निघाला’ एवढेच सांगेल. तो खोटे बोलत नाही. त्याच्यापाशी दुसरा पुरावाच नाही.

‘अंतःस्फोट’मधील एक लेख

गिब्ज यांच्या चक्रातील दुसऱ्या दोषाकडे, म्हणजे आधीच ठरलेल्या आरोपीकडे, वळताना परदेशी प्रयोगांपेक्षा एक मराठी लेख अधिक उपयोगी पडतो. कुमुद पावडे (१९३८–२०२३) यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) या आत्मपर लेखसंग्रहात त्यांनी आपल्या संस्कृतच्या अध्ययनाची हकिकत लिहिली आहे. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉइझन्ड ब्रेड’ (१९९२) या संकलनातील इंग्रजी अनुवादामुळे हा लेख मराठीबाहेर पोहोचला. दलित स्त्रीच्या आत्मकथनाचा आरंभीचा नमुना म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली. विद्यापीठीय विद्यार्थ्याने आपल्या शिकण्याविषयी केलेले अनुचिंतन म्हणून मात्र त्याचे वाचन सहसा होत नाही.

या लेखाची सुरुवात कौतुकाने होते. दलित समाजातील एक स्त्री संस्कृतची पंडिता झाली, म्हणून सभासमारंभांत तिचा गौरव होतो, आणि या गौरवानेच लेखिका अस्वस्थ होते. ड्यूईंनी सांगितलेली अडचण हीच. सारे काही छान झाले असे जग म्हणत असताना तिला काही तरी खटकते, आणि त्या खटकण्याचा माग काढत ती मागे जाते. शाळेत गोखले गुरुजी भेटतात. त्यांच्या सोवळ्याओवळ्याविषयी ऐकून ही मुलगी भीत भीत त्यांच्यापुढे उभी राहते, आणि ते तिला मनापासून शिकवतात. पदव्युत्तर वर्गात याच्या उलट घडते : विद्वान म्हणून ख्याती असलेले विभागप्रमुख तिच्या संस्कृत शिकण्याची कुत्सितपणे दखल घेतात. म्हणजे अपेक्षा दोन्ही ठिकाणी चुकतात, आणि लेखिका दोन्ही चुका नोंदवते. सोयीचा निष्कर्ष काढण्याची घाई या लेखनात नाही, हे त्याचे पहिले बळ.

दुसरे बळ अधिक मोलाचे. संस्कृतमध्ये एम.ए. झाल्यानंतरही दोन वर्षे तिला नोकरी मिळत नाही. पुढे मोतीराम पावडे यांच्याशी आंतरजातीय विवाह होतो, ‘सोमकुवर’ हे माहेरचे आडनाव जाऊन ‘पावडे’ हे आडनाव लागते, आणि त्यानंतर काही महिन्यांतच शासकीय महाविद्यालयात तिची नियुक्ती होते. पदवी तीच, संस्कृत तेच, शिकलेली व्यक्ती तीच. बदलले ते नाव. मग या यशाचे श्रेय नेमके कोणाचे, असा हिशोब लेखिका मांडते आणि ते ‘सोमकुवर’ला मिळालेले नाही हे स्पष्टपणे नोंदवते. पुनःपुन्हा वाचावा असा हा भाग आहे. ‘तुला आणखी काय करता आले असते?’ हा प्रश्न या लेखिकेला विचारला असता तर त्याचे खरे उत्तर ‘काहीही नाही’ हेच होते. तिने करावयाचे ते सर्व केले होते.

शालेय वयात आंबेडकरांना संस्कृत घेता आले नाही आणि पर्शियनकडे वळावे लागले, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर या एका विषयाच्या निवडीत किती इतिहास दडला होता ते उमगते. परंतु येथे मुद्दा जातीच्या अनुभवापुरता मर्यादित नाही. विद्यार्थी आपल्या शिकण्याचा शोध प्रामाणिकपणे घेऊ लागला तर तो वाटेत शिक्षकाजवळ, ग्रंथालयाजवळ, माध्यमाच्या भाषेजवळ, वसतिगृहाच्या खोलीजवळ थांबणारच. एम.ए. अर्थशास्त्राचा विद्यार्थी लिहील की तिसरा घटक समजला नाही, कारण त्याचे मराठीत एकच पुस्तक आहे आणि ते संदर्भ विभागातून घरी नेता येत नाही. हे वाक्य ‘माझ्या उणिवा’ या रकान्यात बसत नाही, म्हणून तो ते लिहीत नाही. त्याऐवजी ‘माझे वाचन कमी पडले’ असे लिहितो. छापील रकान्याने एक खरी नोंद पुसली आणि तिच्या जागी एक सभ्य असत्य ठेवले.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत

पेट्राचा तो कागद आपल्याकडील विद्यार्थ्याच्या हाती कोणत्या रूपाने येऊ शकेल? उत्तर फार दूर नाही. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात ऑगस्ट २०११ मध्ये माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या आधारे मान्य केला. मुंबई आणि पुणे येथील विद्यापीठांत शुल्क भरून छायाप्रत मिळण्याची व्यवस्था आहे. विद्यार्थी ती घेतात, पण घेतात ती गुण वाढविण्यासाठी. बेरीज चुकली आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, एवढे पाहून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला की छायाप्रतीचे काम संपते. आपल्या हस्ताक्षरातील, तीन तासांत कोणत्याही मदतीविना लिहिलेली, आपल्या आकलनाची इतकी निखळ नोंद विद्यार्थ्याजवळ दुसरी नसते. आणि तिच्याकडे तो केवळ तक्रारीचा कागद म्हणून पाहतो. यात त्याचा दोष नाही. उत्तरपत्रिका वाचावयाची असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात मार्शा लव्हेट यांनी रूढ केलेली एक साधी पद्धत येथे उपयोगी पडेल. तपासलेली उत्तरपत्रिका परत देताना सोबत एक कागद दिला जातो. तयारी कशी केली, गुण कोणकोणत्या प्रकारच्या चुकांमुळे गेले आणि पुढच्या वेळी काय बदलणार, एवढेच त्यावर लिहावयाचे असते. शिक्षक ते कागद जमा करतो आणि पुढील परीक्षेच्या तयारीआधी ज्याचा त्याला परत करतो. या पद्धतीचे सामर्थ्य त्या परतीत आहे. आपणच दीड महिन्यापूर्वी लिहिलेली योजना हाती येते तेव्हा ती पाळली की नाही हे दुसऱ्या कोणी सांगण्याची आवश्यकता राहत नाही. आपल्याकडे यात आणखी एक भर घालता येईल : उत्तरपत्रिका जमा करतानाच तिच्या शेवटच्या पानावर विद्यार्थ्याने आपल्या अपेक्षित गुणांचा प्रश्ननिहाय अंदाज लिहावा. अंदाज आणि प्रत्यक्ष गुण यांतील अंतर हीच अनुचिंतनाची सुरुवात. ज्या प्रश्नात दहापैकी आठ अपेक्षित होते आणि तीन मिळाले, त्या प्रश्नाशी विद्यार्थी आपोआप थांबतो. पंधरा गुणांच्या अंतर्गत चाचणीतही हे शक्य आहे.

व्यावहारिक आक्षेप अर्थातच आहेत. शंभरावर विद्यार्थ्यांची तुकडी, रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत धावणारा प्राध्यापक, हे वास्तव असताना एवढे कागद वाचणार कोण? वाचणे आवश्यक आहे. पण प्रत्येकावर शेरा लिहिणे आवश्यक नाही. गठ्ठा चाळला तरी कोणत्या प्रश्नावर सर्वांचा अंदाज चुकला ते दिसते, आणि पुढील तासाला काय पुन्हा शिकवावयाचे ते ठरते. मराठीत ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’ या धातूचेच प्रयोजक रूप आहे. समोरचा शिकला नसेल तर शिकवण्याची क्रिया व्याकरणदृष्ट्याही अपुरीच राहते.

या लेखनाला गुण द्यावेत का, या प्रश्नावर मात्र तडजोड नको. गुण दिले की विद्यार्थी पुन्हा ‘खूप काही शिकायला मिळाले’ या वाक्याकडे वळेल, आणि वळू नये असे म्हणण्याचा नैतिक अधिकार गुण देणाऱ्याला राहणार नाही. भाषेच्या बाबतीतही आग्रह सोडावा लागेल. इंग्रजी माध्यमातून बी.एस्सी. करणारा धुळ्याचा विद्यार्थी आपली अडचण अहिराणीत अधिक अचूक मांडत असेल तर ती तशीच मांडू द्यावी. शुद्धलेखनाच्या लाल खुणांनी भरलेला कागद दुसऱ्यांदा कोणी मनमोकळेपणाने लिहीत नाही.

विद्यापीठीय परीक्षेच्या उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात. अंतर्गत चाचण्यांच्या उत्तरपत्रिका मात्र विभागातच असतात. अनेक ठिकाणी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या सूचनेवरून त्या वर्षनिहाय गठ्ठे बांधून, लेबले लावून, मूल्यांकन समितीला दाखविण्यासाठी पुरावा म्हणून कपाटात जपून ठेवलेल्या असतात. त्या ज्यांनी लिहिल्या त्यांच्या हाती एका तासासाठी परत देण्याकरिता कोणत्याही नव्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.